विनाअपघात वर्षं

नेकारसुल्म (जर्मनी), ५ ऑक्टोबर २०२५

वन्सं, नमस्कार.

फोन न करता ईमेल लिहिते आहे, रागावू नका. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही स्वतः जोडता. या प्रकरणात काहीही जोडायची गरज नाही.

गेल्या शनिवारी मला पोलिसांनी दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं.

आधी पूर्ण वाचा, मग सोसायटीत सांगा.

शेजारची हेल्गा बरेच दिवस मागे लागली होती की घरात बसून राहू नकोस, चल माझ्याबरोबर. इथे द्राक्षांच्या हंगामात शेतकरी आपल्या घरातच थोडे दिवस खानावळ उघडतात. ती उघडी आहे हे कळावं म्हणून दारावर झाडू टांगतात. दारावर झाडू पाहून मी निर्धास्त झाले. वाटलं, स्वच्छता पाळणारी माणसं दिसतात.

आत कांद्याचा खारा केक होता आणि त्याबरोबर द्राक्षांचा नवा रस. गढूळ, पांढुरका, गोड, जिभेला किंचित चुरचुरणारा. अगदी आपली नीरा. मला पुण्यातला नीरा विक्री केंद्राचा स्टॉल आठवला. चारुदत्त मला लग्नानंतर पहिल्यांदा तिथेच घेऊन गेले होते. मी दोन ग्लास प्यायले. केक खारट होता म्हणून तिसराही अर्धा प्यायले. हेल्गा स्वतः सायकलवर आली होती, तिला वाटलं मी बसने आले आहे.

सकाळच्या नीरेचं संध्याकाळी काय होतं, हे मला माहीत असायला हवं होतं. तुमचं आमचं सगळ्यांचं बालपण ते ऐकण्यात गेलं आहे. पण जर्मनीत नीरा बिघडते असं डोक्यात आलं नाही.

गावाबाहेर पोलिस उभेच होते. या हंगामात ते असतातच म्हणे. एक तरुण पोलिस अदबीने म्हणाला, "काय घेतलंत?"

मी म्हटलं, "ज्यूस."

"कुठे?"

मी मागे बोट दाखवून म्हटलं, "तिथे. झाडू आहे तिथे."

तो आणि त्याच्या जोडीची पोलिसबाई एकमेकांकडे बघायला लागले. मग नळीत फुंकायला लावलं. मी समोर देवाचं निरांजन असल्यासारखी हळूच फुंकले. तो म्हणाला, जोरात. तीनदा फुंकले. मर्यादेपेक्षा थोडं वर आलं. मग मी त्याला जर्मनमध्ये नीरा समजावून सांगायला गेले, झाडावर चढणारा माणूस, मडकं, सूर्योदय, सगळं. तो म्हणाला, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि त्याची जोडीदारीण गाडीमागे जाऊन हसली. वन्सं, खरं सांगते, मलाही हसू आलं. थांबेचना. डिसेंबरात चारुदत्त गेले, तेव्हापासून मी पहिल्यांदा हसले, आणि तेही पोलिसांसमोर.

दंड होईल, नावावर दंडाचे दोन गुण पडतील आणि एक महिना लायसन्स जमा करावं लागेल. ते मी भोगीन. काळजी वेगळीच आहे. गाडीचा विमा अजून चारुदत्तांच्या नावावर आहे. इथे जितकी वर्षं अपघाताशिवाय जातात तितका हप्ता कमी होतो. त्यांची तेवीस वर्षं जमली आहेत. ती बायकोच्या नावावर करता येतात, पण माणूस गेल्यापासून वर्षाच्या आत. मी अर्ज आणून ठेवला होता. रोज उद्यावर ढकलत होते. वर्षं माझ्या नावावर आली नाहीत तर मी नवशिकी धरली जाईन. शाळेच्या ऑफिसातल्या अर्धवेळ पगारात तो हप्ता परवडणार नाही आणि त्यांची गाडी विकावी लागेल. आता माझ्यासारख्या दारुडीला ती वर्षं कोण देणार?

तुमची भाची ईप्सिता कार्ल्सरूहेहून फोनवर फक्त "आई!" एवढंच म्हणाली आणि पाच मिनिटं हसत राहिली.

तुमची,
अरुंधती

*

सातारा, ७ ऑक्टोबर

अगं अरुंधती,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा छातीत धस्स झालं, दुसऱ्यांदा रडू आलं, तिसऱ्यांदा हसून हसून बीपीची गोळी आधीच घ्यावी लागली. आमच्या घराण्यात एवढ्या पिढ्यांत कुणी दारूला शिवलं नाही, आणि तो मान कुणाला मिळाला? लग्नात उखाणा घ्यायला अर्धा तास लावणाऱ्या मुलीला!

सोसायटीत कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त शेजारच्या प्रभाला सांगितलं, आणि तिने कुणाला सांगितलं तर तो तिचा प्रश्न.

आता नीट ऐक. मी लगेच न्यू जर्सीला प्रसन्नला फोन लावला. तो म्हणाला, आई, इथे असं झालं तर विमा तिप्पट होतो, कंपनी हाकलून देते आणि पुढची कित्येक वर्षं नवीन कंपनी दारात उभी करत नाही. त्याच्या ऑफिसातल्या एकाचं असंच झालं, तो आता लोकांच्या गाडीत बसून जातो आणि रोज त्यांना डोनट आणतो. तेव्हा तुझं काही खरं नाही.

मी दोन उपाय काढले आहेत. एक, कंपनीला कळूच देऊ नकोस. दोन, कळलंच तर मी घरातली वडीलधारी म्हणून इंग्रजीत पत्र लिहिते. मी एकतीस वर्षं मुख्याध्यापिका होते, चारित्र्याचे दाखले किती दिले त्याला गणती नाही. तुलाही देते.

पण मला एक सांग, तुला गाडी चालवायला सांगितलं कुणी? आयुष्यभर चारूने तुला फिरवलं. मी गेल्या वर्षी मे महिन्यात आले तेव्हा त्याने मला महिनाभर कुठे कुठे नेलं, किती हलक्या हाताने! पोटातलं पाणी हललं नाही. मला गाडी लागते हे त्याला लहानपणापासून ठाऊक. आणि मी इथे सगळ्यांना सांगते की ती गाडी स्वतःची स्वतः चालते. हायडेलबर्गला जाताना चारू दोन्ही हातांनी संत्रं सोलत होता. मी किंचाळले, "चारू, स्टिअरिंग!" तर म्हणाला, "ताई, जर्मन गाडी आहे." मग मला सांग, गाडी स्वतः चालते तर पोलिसांनी तुला का पकडलं? गाडीला का नाही?

काकडआरतीला जाते. तुझ्यासाठी प्रार्थना करते. आणि ज्यूस पिऊ नकोस.

शोभना

*

नेकारसुल्म, १६ ऑक्टोबर

वन्सं, नमस्कार.

काल धीर करून विमा एजंटकडे गेले. तिचं नाव फ्राऊ हेर्टल. साठीची आहे, टेबलावर कॅक्टस आणि नातवंडांचे फोटो. चारुदत्त दर वर्षी तिला दिवाळीची चकली देऊन यायचे, त्यामुळे ती मला ओळखते.

रस्त्यात मी वाक्यं पाठ केली होती. पण खुर्चीत बसल्याबरोबर तोंडातून निघालं, "मी दारू प्यायलेली आहे."

तिने घड्याळ बघितलं. सकाळचे दहा वाजले होते. म्हणाली, "आत्ता?"

मग मी सगळं सांगितलं. झाडू, कांद्याचा केक, नीरा. तुमच्या प्रसन्नचं म्हणणंही सांगितलं, डोनटसकट. ती डोळे पुसत हसली. म्हणाली, "तर मग, फ्राऊ अरुंधती, कुणाला धडकलात का?"

"नाही."

"कुंपण? कुत्रा? भोपळा?"

"काहीच नाही. मी फार हळू चालवत होते."

"मग तो तुमचा आणि पोलिसांचा मामला. तुमच्या गुणांची वही आम्हाला बघायला मिळत नाही आणि आमच्या अर्जात तो प्रश्नही नाही. आमचा हप्ता अपघातावर ठरतो, पापावर नाही."

पुढे तिने आवाज बदलून बजावलं, कुणाला लागलं असतं तर गोष्ट अगदी वेगळी असती. कंपनीने समोरच्याची भरपाई केली असती, मग त्यातले हजारो युरो माझ्याकडून वसूल केले असते, आणि जमलेली वर्षंही घसरली असती. मी तिला वचन दिलं की यापुढे ज्यूससुद्धा बाटलीवरचं वाचून पिईन.

म्हणजे दारूने काही बिघडलं नाही. हसून घ्या. मी बाहेर येऊन बसस्टॉपवर एकटीच हसत होते, दोन शाळकरी मुली लांब जाऊन उभ्या राहिल्या.

पण अर्ज अजून भरलेला नाही. त्यात एक प्रश्न आहे. नवरा हयात असताना ही गाडी तुम्ही स्वतः नियमित चालवत होतात का, आणि कधीपासून? जितकी वर्षं चालवली असेल तितकीच मिळतात. माझं इथलं लायसन्स नऊ वर्षांचं आहे, म्हणजे जास्तीत जास्त नऊ. चालवलीच नसेल तर एकही नाही.

फ्राऊ हेर्टल पेन घेऊन बसली होती. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगते. तिला नवल वाटलं.

तुमची,
अरुंधती

*

सातारा, १७ ऑक्टोबर

अरुंधती,

पापावर नाही, अपघातावर! ही बाई मला फार आवडली. तिला माझा नमस्कार सांग. प्रसन्नला लगेच कळवलं. म्हणाला, मग मी जर्मनीत यायला हवं होतं. मी म्हटलं, तुला धडकायची सवय आहे, तू तिथेच राहा.

आता तुझा घोळ. यात विचार कसला करतेस? लिहून टाक, नऊ वर्षं रोज चालवली!

मला माहीत आहे तू कधी चालवली नाहीस. तू त्या गाडीत फक्त पाण्याची बाटली आणि नॅपकिन सांभाळायचीस. पण ते कोण बघायला आलं होतं? माझं सगळं आयुष्य मुलांना खरं बोला सांगण्यात गेलं, तेव्हा माझ्या खात्यात एक खोटं बोलण्याइतकी शिल्लक नक्की आहे. मी साक्ष देते. मी लिहून देते की मी महिनाभर तिथे होते, रोज गाडीत बसले आणि अरुंधतीच चालवत होती. सहीशिक्क्यासकट. शिक्का शाळेचा आहे, जर्मन माणसाला काय कळणार?

देवाला विचारलं. तो काही बोलला नाही, म्हणजे हरकत नाही. चारूने इतकी वर्षं जपून जमवलेलं असं पाण्यात जाऊ द्यायचं नाही. मजकूर खाली लिहिला आहे, बघून घे आणि सांग, की लगेच पाठवते.

"मी, शोभना, निवृत्त मुख्याध्यापिका, शपथेवर लिहून देते की मे महिन्यात माझ्या सर्व प्रवासात गाडी माझी भावजय अरुंधती हीच चालवत होती. ती अत्यंत कुशल आहे."

"अत्यंत" जरा जास्त होतंय का? राहू दे.

शोभना

*

नेकारसुल्म, १९ ऑक्टोबर

वन्सं,

हे पत्र लिहायला बसले आणि दोनदा चहा करून आले.

तो मजकूर पाठवू नका. म्हणजे पाठवायला हरकत नाही, पण आपण खोटं लिहितो आहोत असं समजून पाठवू नका. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. "अत्यंत" सोडून.

मे महिन्यात गाडी मीच चालवत होते.

इथे स्टिअरिंग डावीकडे असतं, वन्सं. चारुदत्त उजवीकडे बसायचे. तुम्हाला मी आधी मागे बसवायचे, डावीकडे, बरोबर माझ्या पाठीशी. माझं डोकं सीटच्या वर येत नाही. तुमच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता आणि गाडी लागू नये म्हणून अर्धा वेळ तोंडावर पदर. उजवीकडे तुमचा भाऊ बसलेला दिसला आणि साताऱ्याच्या हिशेबाने तुम्ही त्याला ड्रायव्हर केलंत. पहिल्या दिवशी विमानतळावरून येताना तुम्ही त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणालात, "चारू, काय सुरेख चालवतोस रे!" ते माझ्याकडे बघायला लागले. मी गिअर बदलला. मग त्यांना चेवच चढला. वळण आलं की हवेत हात फिरवायचे. सिग्नलला पाय दाबायचे. तुम्ही मागून "हॉर्न दे" म्हणालात तर तोंडाने हॉर्न वाजवला, आठवतं? आणि संत्रं त्यांनी दोन्ही हातांनी सोललं, कारण त्यांच्या दोन्ही हातांना दुसरं कामच नव्हतं. मी समोर बघून ओठ चावत होते. त्या दिवशी हायडेलबर्गचा फाटा चुकला तो हसण्यामुळे.

आता ते का, ते सांगते. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत बिघाड सुरू झाला. मधलं दिसेनासं व्हायला लागलं, कडा तेवढ्या दिसायच्या. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. ज्यांनी आयुष्यभर कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासले, त्यांना. त्या दिवशी दवाखान्याबाहेर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि तेव्हापासून मी चालवते आहे. कारखान्याच्या फाटकापर्यंत, बाजाराला, ईप्सिताकडे, सगळीकडे. त्यांनी एकच गोष्ट मागितली. "ताईला कळू देऊ नकोस. बाबांचे डोळे गेले तेव्हा तिने सात वर्षं त्यांचा हात धरून काढली. तिला पुन्हा तेच नको."

म्हणून मी त्या दिवशी अर्ज न भरता उठले. फ्राऊ हेर्टलला सांगणं सोपं होतं. पण तुम्ही तुमच्या खात्यातलं खोटं माझ्यासाठी खर्च करायला निघालात, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

रागवा, पण लिहा.

अरुंधती

*

नेकारसुल्म, २३ ऑक्टोबर

वन्सं, आज भाऊबीज. तुमचं काही आलं नाही. प्रभाताईंना फोन केला, त्या म्हणाल्या, ती बरी आहे, पण दार लावून बसली आहे आणि मधूनच आतून आवाज येतो, रडतेय की काय कळत नाही. तेवढं कळवा.

अरुंधती

*

सातारा, २५ ऑक्टोबर

अरुंधती,

रडत नव्हते. म्हणजे रडतही होते. प्रभाचे कान माझ्यापेक्षा वाईट आहेत.

पहिले दोन दिवस रागाचे गेले. महिनाभर मी उजव्या सीटच्या पाठीशी बोलत होते! "डावीकडे बघ, ट्रक आला, हळू घे." आणि तो पठ्ठ्या "हो ताई, हो ताई." तोंडाने हॉर्न! मला वाटलं जर्मन हॉर्नचा आवाज तसाच असतो. मी इथे महिला मंडळात स्वयंचलित गाडीवर वीस मिनिटं बोलले आहे, माहितीय तुला? कुणीतरी टिपणं घेतली.

मग रागाच्या खाली जे होतं ते वर आलं. त्याला दिसत नव्हतं. निघताना विमानतळावर तो माझ्याकडे जरा तिरका बघत होता. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आहे म्हणून तोंड फिरवतोय. तो कडेने बघत होता, अरुंधती. मला नीट बघून घेत होता.

भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं, आयुष्यात पहिल्यांदा. गच्चीत थंडी होती. ताम्हन वर धरलं आणि एकदम तो हवेत स्टिअरिंग फिरवताना दिसला. मी इतकी हसले की निरांजन विझलं. पुन्हा लावलं आणि पुन्हा ओवाळलं. चंद्राने वाईट वाटून घेतलं नसावं.

तुझ्यावर राग नाही. त्याचं गुपित तू ठेवलंस, आणि मला महिनाभर सुखरूप फिरवलंस. पोटातलं पाणी हललं नाही असं मी म्हटलं होतं ना? ते तुला. आजच्या तारखेने तुझ्या नावावर.

आता शहाणपणाचं ऐक. नऊ लिही. त्याची तेवीस आहेत, त्यातली नऊ घेतलीस तर कुणाचं काय जातं? साक्षीदार तयार आहे.

शोभना

*

नेकारसुल्म, ६ नोव्हेंबर

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग उठले आणि अर्ज घेऊन निघाले. बसने. लायसन्स सोमवारीच जमा केलं. ते घेणारी मुलगी म्हणाली, "महिन्याने भेटू," जणू मी ते धुवायला दिलं आहे.

फ्राऊ हेर्टलने पेन उघडलं. "तर मग, कधीपासून चालवत होतात?"

तुमचं नऊ माझ्या जिभेवर होतं, खरंच. लायसन्सच्या पहिल्या चार वर्षांत मी कधी चालवली ते आठवून बघितलं. रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये गोल गोल, ते शेजारी बसून छताचं हँडल धरून. ती वर्षं त्यांची होती. त्यांनी ती सरळ, नीट, कुणाला न धडकता चालवली होती. त्यांच्या हातातून ती काढून घ्यावीशी वाटली नाहीत.

मी म्हटलं, "पाच वर्षं. त्यांना दिसत नव्हतं."

तिचा हात थांबला. "हेर चारुदत्त? पण ते तर चकली घेऊन स्वतः गाडीने यायचे."

"मी खाली गाडीत असायचे."

"असं होय," ती हळूच म्हणाली. पेन बंद केलं. मग टाइप करायला लागली.

हप्ता वाढला, वन्सं. चारुदत्त भरायचे त्यापेक्षा बराच जास्त, कारण तेवीस कुठे आणि पाच कुठे. पण नवशिकीपेक्षा कमी आहे, मी आणखी एक दिवस ऑफिसात गेले तर परवडेल. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला विचारलं, ती हो म्हणाली. गाडी राहते आहे. प्रसन्नला सांगा, हप्ता वाढला तो दारूने नाही.

आकडा ऐकून मला हसू फुटलं. फ्राऊ हेर्टल म्हणाली, तीस वर्षांत हप्ता वाढला म्हणून हसलेलं गिऱ्हाईक तिने पाहिलं नाही, आणि आज तुम्ही काही घेतलेलं नाही ना? मी म्हटलं, फक्त चहा.

मग तिने उठून माझा हात हातात घेतला. "अभिनंदन. तुमच्या मिस्टरांची पाच वर्षं आजपासून तुमची झाली."

मी म्हटलं, "नाही, फ्राऊ हेर्टल. ही माझीच होती. इतके दिवस त्यांच्या नावावर ठेवली होती."

तुमची,
अरुंधती